गाडीच्या दाराची कर्र-कर्र थांबत नाहीये? तेल ओतण्याआधी हे वाचा

पहाटेचे साडेचार वाजलेत. किनवटमधली एखादी गल्ली. आजीला नांदेडच्या दवाखान्यात दाखवायचंय, दहाचा नंबर आहे आणि रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या पुढचा. घरातले सगळे दबक्या पावलांनी आवरतायत. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून फाटकही हळूच उघडलं जातं.

आणि मग कुणीतरी गाडीचं दार उघडतं.

कर्रर्रर्र...!

कुत्री भुंकायला लागतात, समोरच्या घरातला लाईट लागतो आणि गाडीचा मालक ओशाळून म्हणतो, "च्यायला, याला एकदा तेल सोडायलाच पाहिजे."

हे वाक्य जवळपास प्रत्येक गाडीवाल्याच्या तोंडी असतं. काही जण खरंच तेल सोडतातही. आठ-दहा दिवस दार गप्प बसतं आणि नंतर पुन्हा कर्र. मग गाडी जुनी झाली म्हणून विषय संपवला जातो.

पण गंमत अशी आहे की बहुतेक वेळा गाडी म्हातारी झालेली नसते. तेल चुकीचं असतं, नाहीतर ते चुकीच्या जागी पडलेलं असतं. शिवाय हा आवाज वर्षानुवर्षं अंगावर काढला, तर शे-दोनशे रुपयांत भागणारं काम काही हजारांवर जाऊ शकतं.

तर हा आवाज नेमका येतो कुठून, तो घरच्या घरी कसा घालवायचा आणि कधी मुकाट्याने गॅरेज गाठायचं, हे सगळं नीट समजून घेऊया.

दार आवाज का करतं?

गाडीचं दार दोन बिजागऱ्यांवर लटकलेलं असतं, एक वर आणि एक खाली. गॅरेजमध्ये याच बिजागरीला कब्जा किंवा हिंज म्हणतात. तिचा एक पत्रा दाराला आणि दुसरा गाडीच्या खांबाला बोल्टने किंवा वेल्डिंगने पक्का केलेला असतो. दोन्ही पत्र्यांमधून एक लोखंडी खिळी जाते, ती पिन. पिनीभोवती झिजेपासून वाचवणारी बारीक नळी असते, ते बूश.

एका दाराचं वजन साधारण २५ ते ४० किलोच्या घरात असतं. काच, काच वर-खाली करणारी मोटर, स्पीकर, कुलूप, सगळं त्यात आलं. एवढं वजन त्या दोन बोटभर पिनींवर चोवीस तास लटकलेलं असतं आणि दिवसातून दहा-वीस वेळा फिरतं.

कारखान्यातून गाडी निघते तेव्हा पिन आणि बूश यांच्यामध्ये वंगणाचा थर असतो. काही वर्षांत तो वाळतो, धुतला जातो किंवा त्यात धूळ बसते. मग लोखंडावर लोखंड घासायला लागतं.

पण नुसतं घासल्याने एवढा मोठा आवाज कसा काय येतो?

इथे विज्ञान आहे. कोरडे झालेले दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सलग सरकत नाहीत. ते क्षणभर चिकटतात, जोर वाढला की सुटतात, परत चिकटतात, परत सुटतात. हे एका सेकंदात शेकडो वेळा होतं. त्यामुळे पिन थरथरते आणि तिच्यासोबत दाराचा मोठा पत्राही थरथरतो. पत्रा ढोलासारखं काम करतो आणि आवाज गल्लीभर जातो.

सारंगी वाजते तीही याच तत्त्वावर. गजाच्या केसांना राळ लावतात ती कशासाठी? केस तारेला चिकटावेत आणि सुटावेत म्हणून. फळ्यावर खडू किंचाळतो, त्यामागेही हेच. फरक इतकाच की सारंगीत हे चिकटणं-सुटणं हवं असतं आणि दारात नको असतं.

पहाटे आवाज जास्त का वाटतो, याचंही उत्तर इथेच आहे. एक तर आजूबाजूला शांतता असते. दुसरं म्हणजे थंडीत जुनं वंगण घट्ट होतं आणि पिनीवर पसरत नाही. दुपारी ऊन लागलं की तेच वंगण थोडं सैल होतं आणि दार शहाण्यासारखं वागतं. म्हणून गॅरेजमध्ये दुपारी गाडी नेली की मेकॅनिक म्हणतो, "कुठाय आवाज?"

किनवटसारख्या भागात हे लवकर का होतं?

मराठवाडा म्हटलं की डोळ्यांपुढे दुष्काळ येतो. पण नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेच्या काठी असलेला किनवट-माहूरचा पट्टा वेगळा आहे. सागाचं जंगल, डोंगर आणि वर्षाला हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा बघायला लोक लांबून येतात, ते काही उगाच नाही.

गाडीच्या बिजागरीसाठी मात्र हे हवामान अवघड आहे. चार महिने ओल, त्यानंतर रस्त्यांची धूळ, डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारठा आणि मे महिन्यात चाळिशीच्या पार गेलेला पारा. पावसाच्या पाण्याने वंगण हळूहळू निघून जातं, धूळ उरलेल्या वंगणात मिसळते आणि त्याची काळी पेस्ट तयार होते. ही पेस्ट म्हणजे जवळजवळ पॉलिश पेपरच. दार उघडलं की ती पिन घासते, बंद केलं की परत घासते.

त्यात गाड्यांचा वापरही तसाच. नवरात्रात माहूरगडाच्या वाऱ्या, उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे जाणारी मंडळी, लग्नसराई आणि गावोगाव प्रवासी नेणाऱ्या जीपगाड्या. घरच्या गाडीचं दार दिवसात दहा वेळा उघडत असेल, तर प्रवासी गाडीचं शंभर वेळा. पायरी नसली की चढणारा माणूस दारालाच लोंबकळून वर येतो. तेवढा भार बिजागरीने आयुष्यभर सोसावा, अशी तिची रचनाच नसते.

आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं म्हणजे बहुतेक वेळा नांदेड किंवा आदिलाबादची वाट. दाराच्या आवाजासाठी एवढं कोण जाणार? म्हणूनच हे दुखणं अंगावर काढलं जातं.

आधी आवाज शोधा, मग डबा उघडा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. आवाज आला की लोक थेट बिजागरीवर तेल सोडतात. पण दारातून येणारा प्रत्येक आवाज बिजागरीचा नसतो.

आवाजाच्या जातीवरून अंदाज बांधता येतो.

लांबलचक कर्रर्र, दार हळू उघडलं तरी येणारा: बहुतेक बिजागरीची पिन.

दार अर्ध्यावर किंवा पूर्ण उघडताना टक्, कट् असा येणारा: डोअर चेक. दोन बिजागऱ्यांच्या मध्ये एक लोखंडी पट्टी असते, ती दाराच्या आत जाते. दार ठरावीक टप्प्यांवर थांबवून धरायचं काम तिचं. बरेच जण तिला स्टॉपर म्हणतात.

खराब रस्त्यावर, दार बंद असताना चीं-चीं: दाराच्या कडेचं रबर किंवा कुलपाचा भाग.

खड्ड्यात गाडी गेली की दाराच्या आतून खडखड: आतला प्लास्टिकचा पॅनल, काचेची यंत्रणा, नाहीतर दाराच्या कप्प्यात विसरलेला पाना. आधी कप्पा रिकामा करून बघा. खूपदा काम तिथेच संपतं.

खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे मोबाईल. इंजिन बंद करा. एकाने दार अगदी हळू उघड-बंद करायचं आणि दुसऱ्याने मोबाईल वरच्या बिजागरीजवळ, मग खालच्या बिजागरीजवळ, मग डोअर चेकजवळ धरून तीन वेगवेगळी रेकॉर्डिंग करायची. जिथे आवाज सगळ्यात स्पष्ट, तिथे दुखणं. बोटाचं टोक पिनीच्या डोक्यावर ठेवलं, तर थरथर हातालाही लागते. दोन पत्र्यांच्या फटीत मात्र बोट घालू नका. दार जरासं हललं तरी बोट चिमटतं.

तरीही कळलं नाही, तर एकेका जागी थेंबभर तेल लावून बघा. ज्या जागी लावल्यावर आवाज बदलला किंवा थांबला, तोच चोर.

घरातलं कोणतं तेल चालेल?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो.

खोबरेल तेल: नको. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवायला लागते, हे प्रत्येक घराला माहिती आहे. बाटलीत गोठणारं तेल बिजागरीतही गोठतं. म्हणजे नेमक्या थंडीच्या पहाटे ते कामाचं नाही.

करडई, सोयाबीन, सूर्यफूल: हीपण नको. खायची ही तेलं हवेतल्या ऑक्सिजनबरोबर हळूहळू चिकट होतात. जुन्या कढईच्या कडेला किंवा गॅसच्या शेगडीवर बसलेला चिकट पिवळा थर आठवा, तसंच. जवसाचं तेल तर रंगात वापरतात, कारण ते वाळून कडक होतं. बिजागरीत असा थर बसला की दार आधीपेक्षा जड होतं आणि त्या चिकट्यावर धूळही बसते.

रॉकेल, डिझेल: साफ करायला उपयोगी वाटतं आणि आवाजही लगेच थांबतो. पण ते उरलंसुरलं वंगणही धुऊन नेतं. शिवाय पेट घेतं. आवाज परत येतो तो दुप्पट.

गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइल: फुकट मिळतं म्हणून वापरलं जातं. पण त्यात इंजिनची झीज झालेले धातूचे कण आणि काजळी असते. वर कपड्यांना डाग लागतो तो वेगळाच.

शिलाई मशीनचं तेल: हे चालतं, पण तात्पुरतं. पातळ असल्यामुळे फटीत छान शिरतं आणि तितक्याच सहज ओघळून बाहेरही येतं. आज रात्रीपुरती सोय म्हणून ठीक.

ट्रॅक्टरचं ग्रीस: चालतं. शेतकऱ्याच्या घरात ग्रीसचा डबा असतोच. अडचण एकच, ते घट्ट असतं. नुसतं बाहेरून थापलं तर पिनीपर्यंत पोचत नाही, बाहेरच बसून धूळ गोळा करतं. त्यामुळे थोडंसं घ्यायचं आणि आत जाईल असं बसवायचं.

सगळ्यात उत्तम म्हणजे पांढरं लिथियम ग्रीस. हे स्प्रेच्या डब्यात मिळतं. फवारताना पातळ असतं म्हणून फटीत शिरतं, मग त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे ग्रीसचा थर राहतो. ऑटो पार्ट्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं आणि एका डब्यात चार दारं, बोनेट, डिकी अशा सगळ्या बिजागऱ्या कितीतरी वेळा होतात.

मग त्या प्रसिद्ध निळ्या-पिवळ्या डब्याचं काय?

डब्ल्यूडी-४०! रील्समध्ये प्रत्येक दुखण्यावर हाच उपाय दाखवतात. याची गोष्ट मजेशीर आहे. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये रॉकेट केमिकल कंपनी नावाची एक छोटी कंपनी गंज रोखणारं रसायन बनवायच्या मागे होती. नावातला डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', म्हणजेच पाणी हटवणं. आणि ४० कशासाठी? तर चाळिसाव्या प्रयत्नात फॉर्म्युला जमला म्हणून. पुढे अ‍ॅटलास क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते वापरलं गेलं.

म्हणजे त्याचं मूळ काम पाणी हटवणं आणि गंजापासून वाचवणं. त्यात वंगणाचा भागही असतो, म्हणून आवाज लगेच थांबतो. पण तो थर पातळ असतो. पंचवीस-तीस किलोचं दार रोज लटकणाऱ्या पिनीवर तो फार दिवस टिकत नाही. म्हणूनच "मारलं होतं, पण परत आवाज आला" ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. आता तर ही कंपनी स्वतःच पांढऱ्या लिथियम ग्रीसचा वेगळा स्प्रे विकते.

थोडक्यात, असा पातळ स्प्रे साफसफाईसाठी वापरा आणि ग्रीस टिकण्यासाठी. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

अर्ध्या तासाचं काम, पायरी पायरीने

लागणारं सामान: जुना टूथब्रश, दोन-तीन सुती फडकी, जुना पेपर, पातळ स्प्रे (सोबत येणाऱ्या बारीक नळीसह) आणि पांढरं लिथियम ग्रीस.

पायरी १: जागा निवडा
गाडी सपाट जागी, सावलीत लावा. हँडब्रेक ओढा, गिअर टाका. दार पूर्ण उघडा आणि आतला दिवा बंद करा, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. स्प्रे पेट घेणारा असतो, त्यामुळे जवळपास विडी-सिगारेट, उदबत्ती, शेगडी काही नको. लहान मुलांना लांब ठेवा. उघड्या बिजागरीत बोट सापडायला क्षणही लागत नाही.

पायरी २: कोरडी धूळ झाडा
टूथब्रशने वरची-खालची बिजागरी आणि डोअर चेकची पट्टी झाडून घ्या. ही पायरी लोक टाळतात आणि इथेच काम फसतं. धुळीवर तेल ओतलं की चिखल होतो आणि तो चिखल थेट पिनीत जातो.

पायरी ३: जुनं वंगण काढा
बिजागरीच्या मागे फडकं धरा, म्हणजे स्प्रे सीटवर किंवा रंगावर उडणार नाही. नळी लावून पिनीच्या वरच्या टोकाला, खालच्या टोकाला आणि मधल्या फटीत थोडा थोडा स्प्रे मारा. आता दार दहा-पंधरा वेळा पूर्ण उघडा आणि बंद करा. काळा ओघळ बाहेर येईल. तो पुसा आणि ओघळ स्वच्छ येईपर्यंत हे परत करा.

या ओघळाचा रंग नीट बघा. काळा असेल तर ते जुनं ग्रीस आणि धूळ, काळजीचं कारण नाही. तांबूस, विटकरी असेल तर आत गंज धरलाय. अशा बिजागरीला स्प्रे मारून अर्धा तास थांबा आणि मग पुन्हा साफ करा.

पायरी ४: वाळू द्या
फडक्याने कोरडं करून पंधरा-वीस मिनिटं तसंच सोडा. ओल्यावर ग्रीस मारलं तर ते पातळ होऊन ओघळतं.

पायरी ५: ग्रीस लावा
पिनीच्या दोन्ही टोकांना आणि फटीत पांढऱ्या ग्रीसचा छोटा फवारा. दार पुन्हा वीसेक वेळा उघड-बंद करा, म्हणजे ग्रीस आत ओढलं जाईल. मग बाहेर आलेलं जास्तीचं ग्रीस पुसून टाका. हे पुसणं महत्त्वाचं आहे. बाहेर राहिलेलं ग्रीस वंगणाचं काम करत नाही, फक्त धूळ बोलावतं आणि चढणाऱ्याच्या पांढऱ्या पँटवर छाप उमटवतं.

पायरी ६: डोअर चेक विसरू नका
पट्टी फडक्याने पुसून तिच्यावर बोटाने ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. काही नव्या गाड्यांत या पट्टीवर प्लास्टिकचं आवरण असतं. तिथे गाडीच्या पुस्तिकेत काय सांगितलंय, ते बघून घ्या.

पायरी ७: रबराला वेगळं औषध
दाराच्या कडेच्या रबराला तेल किंवा ग्रीस लावू नका. पेट्रोलियमपासून बनलेल्या तेलाने हे रबर फुगतं आणि सैल पडतं. रबर आधी ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून ते फडकं रबरावरून फिरवा.

दार उघडलेलंच आहे, तर खालच्या कडेलाही एक नजर टाका. तिथे पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात. ती चिखलाने बुजली की पावसाचं पाणी दारातच साठतं आणि दार आतून कुजायला लागतं. काडीने हलकेच मोकळी करा.

सरकत्या दाराचं वेगळं

ईको किंवा जुन्या ओम्नीसारख्या गाडीत मागचं दार बिजागरीवर फिरत नाही, चाकांवर सरकतं. तिथे आवाज आला तर आधी पट्टा, म्हणजे दार ज्या खाचेतून सरकतं ती जागा, साफ करा. खडे, दाणे, तिकिटं, गुटख्याच्या पुड्या, काय वाट्टेल ते तिथे सापडतं. खाच कोरडी साफ करून चाकांच्या आसाला थोडं ग्रीस द्या. खाचेत ग्रीसचा जाड थर देऊ नका, नाहीतर पुढच्या आठवड्यात तिथे मातीची वीट तयार होईल.

हे घरी करू नका

आवाज थांबवण्याच्या नादात काही जण थेट पाना घेऊन बिजागरीचे बोल्ट ढिले करतात. हे टाळा. दाराची बैठक मिलिमीटरमध्ये बसवलेली असते. बोल्ट ढिला झाला की दार खाली येतं आणि मग ते नीट बसवायला दोन माणसं आणि अनुभवी हात लागतो.

हातोडीने पिन ठोकून काढायचा प्रयत्नही नको. दाराचं वजन एकाच बिजागरीवर आलं की ती वाकते.

आणि गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा बिजागरीच्या फटीत मारू नका. एक तर वंगण धुऊन जातं. दुसरं म्हणजे तिथेच, दार आणि खांबाच्या मध्ये एक रबरी नळी दिसते. काच, सेंट्रल लॉक, स्पीकर या सगळ्यांच्या वायरी तिच्यातून जातात.

गॅरेज कधी गाठायचं?

एक सोपी परीक्षा आहे. दार अर्धं उघडा, बाहेरच्या टोकाला खालून दोन्ही हातांनी धरा आणि हळूच वर उचला. दार जागचं हललं नाही, तर बिजागरी ठणठणीत आहे. पण दार वर-खाली खेळत असेल, हाताला टक् असं जाणवत असेल, तर पिन किंवा बूश झिजलंय. आता कोणतंही ग्रीस हा आजार बरा करणार नाही.

याकडे दुर्लक्ष करणं महागात का पडतं, तेही बघा. दार खाली आलं की ते कुलपात नीट बसत नाही. गाडीच्या कुलपाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर दार अडकतं, पण पूर्ण लागत नाही. दुसऱ्या टप्प्यावर ते घट्ट लागतं. झुकलेलं दार कधीकधी पहिल्याच टप्प्यावर राहतं. बाहेरून बंद दिसतं, फक्त डॅशबोर्डवर दिवा लागलेला असतो. घाटाच्या वळणावर त्याच दाराला कुणी टेकून बसलं असेल, तर काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. दार आपटल्याशिवाय लागत नाही, ही याच दुखण्याची पहिली खूण आहे.

डोअर चेकचंही तसंच. ती सैल झाली की वाऱ्याने दार धाडकन उघडतं, उतारावर पायावर येतं किंवा बाजूने जाणाऱ्या दुचाकीस्वाराला लागतं. दार कुठल्याच टप्प्यावर थांबत नसेल, तर ती बदलून घ्या.

मेकॅनिककडे गेल्यावर नुसतं "आवाज येतो" म्हणू नका. "कब्ज्याला प्ले आहे का बघा, नुसतं बूश-पिन बदलून भागेल का पूर्ण कब्जा लागेल?" असं विचारा. काही गाड्यांत बूश आणि पिन वेगळी मिळते, काहींमध्ये अख्खी बिजागरीच घ्यावी लागते. खर्चात मोठा फरक पडतो, त्यामुळे हा प्रश्न आधीच विचारलेला बरा. झिजलेली बिजागरी वेल्डिंग करून देतो असं कुणी म्हणालं, तर मात्र दोनदा विचार करा.

जुनी गाडी घेताना हीच बिजागरी खरं बोलते

हा मुद्दा सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांसाठी. मालक सांगतो, "गाडीला ओरखडासुद्धा नाही." तुम्ही चारही दारं उघडा आणि बिजागरीच्या बोल्टकडे बघा. कारखान्यात दारासकट बोल्टलाही रंग लागलेला असतो. एखाद्या बोल्टच्या कडांवरचा रंग उडालाय, पान्याच्या खुणा दिसतायत, तर ते दार कधीतरी काढलेलं आहे. त्याचं कारण विचारा. तिथे लपवलेला अपघात निघू शकतो.

चारपैकी तीन दारं गप्प आणि एकच कुरकुरतंय, तरी तेच. ड्रायव्हरचं दार असेल तर समजू शकतं, ते सगळ्यात जास्त वापरलं जातं. पण मागचं डावं दारच तेवढं आवाज करत असेल आणि झुकलेलं असेल, तर सौदा करण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवा.

एवढ्याशा वंगणाने खरंच इतका फरक पडतो?

पडतो. १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने सरकारला एक अहवाल दिला. घर्षण, झीज आणि वंगण या गोष्टींकडे नीट लक्ष दिलं, तर देशाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा हिशोब त्यात मांडला होता. या अभ्यासाला 'ट्रायबॉलॉजी' हे नावही त्याच अहवालातून मिळालं आणि पुढे विद्यापीठांतून तो विषय म्हणून शिकवला जाऊ लागला.

आपल्याकडे हे कळायला अहवालाची गरज नव्हती. आखाला वंगण घातल्याशिवाय बैलगाडी लांबच्या बाजाराला जुंपत नसत. कोरडा आख आधी कुरकुरतो, मग तापतो, मग झिजतो आणि शेवटी माळरानात दगा देतो, हे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. गाडीच्या दाराची गोष्ट वेगळी नाही. कुरकुर ही पहिली पायरी आहे आणि त्या पायरीवर उपाय सगळ्यात स्वस्त असतो.

मग हे किती वेळा करायचं?

वर्षातून दोनदा पुरेसं आहे. एकदा मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, म्हणजे ओल आत शिरणार नाही. दुसऱ्यांदा पाऊस संपल्यावर. प्रवासी गाडी असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी.

दुसऱ्या वेळेची तारीख लक्षात ठेवायची तर खंडेनवमी आहेच. त्या दिवशी गाडी घासूनपुसून धुतली जाते, हळदीकुंकू लागतं, झेंडूचा हार चढतो. पण याच धुण्यात बिजागरीचं वंगणही निघून जातं आणि दिवाळीच्या थंडीत दार पुन्हा कर्र करतं. त्यामुळे यंदा गाडी धुऊन वाळली की हार घालण्याआधी प्रत्येक बिजागरीला थोडं ग्रीस द्या.

मग पुढच्या वेळी पहाटे साडेचारला आजीला घेऊन निघाल, तेव्हा गल्लीतलं कुत्रंही जागं होणार नाही.